शरद, पानगळ आणि खिरापत : बालवाडीतील ऋतुपाठाचा विचार

बालवाडीच्या वर्गात वर्षातून तीनचार वेळा ऋतूंचे पाठ घेतले जातात. पावसाळा आला म्हणजे कागदी होड्या आणि छत्र्या, हिवाळा आला म्हणजे लोकरीचे कपडे आणि शेकोटी, असा हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यांपैकी सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत होणारा पाठ मात्र इतरांहून वेगळा ठरतो. त्याचा विषय ज्या शब्दाने सांगितला जातो, त्या शब्दाला वर्गाबाहेर कोठेही आधार सापडत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांत हा शब्द 'ऑटम' असतो. मराठी वर्गांत त्याचे भाषांतर 'शरद' असे करतात. आणि दोन्ही ठिकाणी भिंतीवर जे चित्र लागते ते एकच असते. तपकिरी खोडाचे एक झाड, त्यावरून गळणारी तांबडी, नारिंगी आणि पिवळी पाने, खाली त्याच पानांचा ढीग, आणि जमल्यास एखादी खार. मुले क्रेप कागदाची पाने कापतात, चिकटवतात, हाताचे ठसे उमटवून त्यांचे झाड करतात. त्याच वेळी वर्गाच्या खिडकीबाहेर आंबा, जांभूळ आणि वड पावसाने धुऊन निघालेल्या अंगाने हिरवेगार उभे असतात.

हा विरोध कोणाच्याही ध्यानात येण्याजोगा आहे, आणि 'परकीयांचे अनुकरण' असा शेरा मारून पुष्कळदा तो निकालात काढला जातो. तसे करणे फारसे उपयोगाचे नाही. बालशिक्षणाची आपल्याकडील सर्वच साधने कमीअधिक प्रमाणात परकीय आहेत आणि त्यांपैकी कितीतरी येथे उत्तम रुजली आहेत. प्रश्न उगमाचा नसून अर्थाचा आहे. ऋतुपाठ हे ज्या जातीचे वाङ्मय आहे, त्या जातीच्या अटी हा पाठ पाळतो की नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम 'ऑटम' या कल्पनेचीच घडण पाहणे इष्ट ठरेल. इंग्रजीत या ऋतूला फार जुने नाव 'हार्वेस्ट' असे होते. जर्मन भाषेतील 'हेर्ब्स्ट' हा ऋतुवाचक शब्द त्याचाच सख्खा भाऊ असून दोहोंच्या मुळाशी खुडण्याचा, वेचण्याचा अर्थ आहे. पुढे इंग्रजीत 'हार्वेस्ट' हा शब्द कापणीच्या कामापुरता उरला आणि ऋतूसाठी लॅटिन वळणाचा 'ऑटम' रूढ झाला. अमेरिकेत तर पाने पडण्यावरूनच 'फॉल' हे नाव कायम झाले. म्हणजे ज्या ऋतूला शेतकऱ्याने कापणीवरून नाव दिले होते, त्याला पुढे शहरवासीयांनी झाडाकडे पाहून ओळखले. या ऋतूच्या पोटात अशा दोन निराळ्या गोष्टी आहेत, धान्याची आणि पानांची. आणि त्या प्रदेशात त्या खरोखरीच एकाच सुमारास घडतात. फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली थुरिंजियातील ब्लांकेनबुर्ग येथे आपली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले, तेव्हा त्याच्या मुलांच्या पायांखाली ऑक्टोबरात खरोखरीची पाने वाजत होती. पाने गोळा करणे, त्यांची प्रतवारी लावणे, त्यांचे आकार कागदावर उतरवणे हे खेळ तेथे सहजच जमले असते, कारण दार उघडताच हाताला लागणारी ती वस्तू होती.

महाराष्ट्रात या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात. धान्य शरदात तयार होते आणि पाने शिशिरात गळतात. आश्विन-कार्तिकात भाताच्या लोंब्या वाकतात, बाजरीची कणसे भरतात, भुईमुगाच्या शेंगा उपटल्या जातात. परंतु साग, पळस, सावर, पांगारा इत्यादी पानझडी वृक्ष उघडे पडतात ते माघ-फाल्गुनाच्या आगेमागे. पिंपळाची पाने झडून त्याला तांबूस पालवी फुटते तीही वसंताच्या तोंडावर. सहा ऋतूंची मांडणी करणाऱ्या संस्कृत परंपरेनेही पानगळीचे लक्षण शिशिराकडे ठेवले होते आणि शरदाला निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, कमळे व चांदणे ही लक्षणे दिली होती. ही वाटणी कविसंकेत म्हणून टिकली खरी, पण ती हवेशीही जुळणारी आहे. शब्दकोशांतून 'ऑटम' समोर 'शरद' हा प्रतिशब्द बसला त्या क्षणी पानगळीचे चित्र शरदावर येऊन पडले. ऋतूंच्या क्रमाच्या दृष्टीने हे भाषांतर चुकीचे नाही; पावसाळी उन्हे सरल्यानंतरचा काळ दोघांचाही आहे. परंतु प्रतिशब्द कालखंडाचा असतो, लक्षणांचा नसतो, हा साधा भेद बालवाडीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला नाही.

येथे मराठीच्या घडणीतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोलत्या मराठीत ऋतू तीनच आहेत : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. तिन्ही शब्दांच्या शेवटी 'काल' या शब्दाचे झिजलेले रूप 'आळा' असे आढळते. शरदासाठी असा 'आळा'न्त शब्द नाही. घरात कोणी 'आता शरद लागला' असे म्हणत नाही. चांदण्याच्या आणि काव्याच्या संदर्भातच तो शब्द भेटतो. वैदिक वाङ्मयात जो शब्द वर्षाचाही वाचक होता, तो आज लहान मुलाला प्रथम भेटतो तो बहुधा शेजारच्या काकांचे नाव म्हणून. शेतकऱ्याजवळ या काळाचे नाव नाही असे मात्र नाही. तो हा काळ नक्षत्रांनी मोजतो. हस्त, चित्रा, स्वाती ही त्याची नावे. शहरातील माणूस 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला 'शरद' शिकवणे म्हणजे त्याच्या भाषेत आधीच असलेल्या एखाद्या अनुभवाला नाव देणे नव्हे, तर नवे नाव आणि नवा अनुभव दोन्ही एकदम देणे होय. आणि अनुभव म्हणून जे दिले जाते ते कागदाचे असते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. मुलांना केवळ जवळचेच द्यावे काय? बर्फ न पाहिलेली मुले बर्फाच्या गोष्टी आवडीने ऐकतात. समुद्र न पाहिलेल्या मुलांना मगर आणि माकडाची गोष्ट अडत नाही. दूरचे, न पाहिलेले, क्वचित अस्तित्वातही नसलेले असे जग भाषेच्या साहाय्याने उभे करता येणे हीच तर बालपणातली मोठी कमाई आहे. हा युक्तिवाद मान्यच केला पाहिजे. परंतु गोष्ट आणि ऋतुपाठ यांची जात एक नव्हे. गोष्ट प्रारंभीच आपण दूरचे आहोत असे सांगून टाकते. 'एक होता राजा' हे शब्द ऐकताच मूल वर्तमानातून पाऊल उचलते. ऋतुपाठाचे पहिले वाक्य याच्या नेमके उलट असते. ते 'आता' या शब्दाने सुरू होते. आता पाऊस थांबला, आता ऊन पडले, आता अमुक फुले आली. 'आता', 'इथे', 'हे' या शब्दांना स्वतःचा स्थिर अर्थ नसतो. बोलणारा जेथे आणि जेव्हा उभा असेल तेथून तो भरला जातो. त्यामुळे अशा वाक्याची सत्यता खिडकीतून तपासता येते, आणि मूल ती तपासतेच. 'आता झाडांची पाने गळत आहेत' हे वाक्य आश्विनातील पुण्यात कल्पित ठरत नाही, ते खोटे ठरते. एखाद्या मुलाने आपले झाड हिरवे रंगवले आणि त्याला नारिंगी खडू हाती देण्यात आला, तर त्या मुलाचे निरीक्षण बरोबर असून दुरुस्ती चुकीची आहे. शब्द आणि वस्तू यांचा मेळ बसविण्याच्या ऐन वयात, डोळ्यांपेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवावा असा धडा त्याला मिळतो. बोटांच्या स्नायूंना वळण, रंगांची नावे, कात्री धरण्याचा सराव हे लाभ त्या पाठातून होतातच. परंतु ते कोणत्याही कागदकामातून होतात, त्यासाठी ऋतूची गरज नाही.

(उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांची गोष्ट अर्थातच निराळी. तेथे ऑक्टोबरात मेपलची पाने खरोखर लाल होतात, भोपळे दारोदार दिसतात, आणि त्याच पंधरवड्यात महाराष्ट्र मंडळांतून भोंडलाही होतो. तेथील मुलाच्या मराठीत 'शरद' आणि पानगळ यांची जोडी लागली तर तिला चूक म्हणता येणार नाही.)

भोंडल्याचा उल्लेख आलाच आहे. महाराष्ट्रात या ऋतूचा स्वतःचा असा खेळ पूर्वीपासून आहे. सूर्य हस्त नक्षत्रात आला म्हणजे पाटावर किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती मुलींनी फेर धरावयाचा. कोठे त्याला हादगा म्हणतात, कोठे भोंडला. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. बालवाड्यांनी अलीकडे हा खेळ मोठ्या उत्साहाने स्वीकारला आहे, आणि परकीय पानगळीला देशी उत्तर मिळाले असे समाधानही पुष्कळ ठिकाणी व्यक्त होते. हे समाधान तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण ज्या स्वरूपात तो वर्गात येतो त्या स्वरूपात तो क्रेप कागदाच्या झाडाहून फारसा वेगळा राहत नाही. नवरात्रातील एक दिवस ठरतो, मुलींना नऊवारी नेसवतात, ध्वनिक्षेपकावर गाणी लावतात, शिक्षिका मध्ये उभ्या राहून हातवारे दाखवितात, छायाचित्रे निघतात, आणि शेवटी सर्वांना आधीच ठरलेला खाऊ वाटतात. या कार्यक्रमात मूल गात नाही, ठरवीत नाही आणि ओळखीतही नाही. मुलगे बहुधा कडेला बसलेले असतात.

भोंडल्याची रचना ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना येथे काय गळाले ते सांगावे लागू नये. रूढीप्रमाणे पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी गाण्यांची संख्या वाढत जाते, आणि खिरापतीही त्याच हिशेबाने वाढतात. म्हणजे कालची गाणी आज पुन्हा म्हणावयाची आणि त्यांत एका नव्या गाण्याची भर घालावयाची. पुनरावृत्ती आणि भर यांचे हे प्रमाण कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने आखलेले नाही, तरी त्यापेक्षा चांगले आखता येईल असे वाटत नाही. गाण्यांच्या पोटातही तीच वाढती रचना आढळते. कारल्याच्या वेलाचे प्रसिद्ध गाणे घ्यावे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू दर वेळी एकेक अट घालते. वेल लावण्यापासून भाजी रांधून खाऊन होईपर्यंत ती अट पुढेपुढे सरकत राहते. व्याकरणाच्या दृष्टीने सारे गाणे आज्ञार्थ, अनुज्ञा आणि 'मग' या एका अव्ययावर उभे आहे. आधी काय आणि नंतर काय हा क्रम दर कडव्यात एका पायरीने लांबतो. वनस्पतीच्या वाढीचे जे टप्पे बालवाडीत चार चित्रांच्या पट्टीवर दाखवितात, ते येथे फेर धरता धरता तोंडी येतात. वेड्या नवऱ्याच्या गाण्यात याहून सूक्ष्म असा खेळ आहे. बायकोने केलेल्या करंज्यांना तो होड्या समजतो, लाडवांना चेंडू समजतो आणि तसे वागतो. आकारसाम्य खरे आहे, नाव चुकले आहे. आणि हे चुकले आहे हे ठाऊक असलेले मूल खदखदून हसते. नाव आणि वस्तू यांच्यातील अंतर विनोदाचा विषय करणे हे भाषा चांगली अवगत होऊ लागल्याचे लक्षण होय. ऋतुपाठाच्या तक्त्यावरही नाव आणि वस्तू यांची फारकतच असते. परंतु तेथे कोणी हसावयाचे नसते.

या गाण्यांतील जग मात्र निर्दोष नाही, आणि ते निर्दोष असल्याचे भासवून वर्गात नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती बालवयात सासरी गेलेल्या मुलींची गाणी आहेत. माहेरची ओढ, सासूची धास्ती, नणंदेचा डंख हा त्यांचा कायमचा ऐवज आहे. वेड्याच्या गाण्याचा शेवट तर असा भीषण आहे की झोपलेल्या बायकोला तो मेलेली समजून जाळून टाकतो. शिक्षिका बहुधा ते शेवटचे कडवे गाळतात, आणि ते योग्यच आहे. काही ठिकाणी सर्वच गाणी टाकून त्यांच्या चालींवर स्वच्छतेची व भाज्यांच्या जीवनसत्त्वांची नवी गाणी बसविली जातात. त्यांत अट नाही, क्रम नाही, घोटाळा नाही. उपदेश तेवढा आहे. मूळ गाण्यांतील दुःख काढून टाकताना त्यांचा सांगाडाही मोडला गेला. वस्तुतः टिकवावयाचा तो सांगाडाच. सासूच्या जागी आजी आणि माहेराच्या जागी अंगणात खेळायला जाणे आले तरी अटींची साखळी तशीच राहू शकते.

सर्वांत मोठी हानी खिरापतीची झाली आहे. गाणी संपल्यावर झाकलेला डबा पुढे येतो आणि आत काय आहे ते ओळखल्यावाचून तो उघडत नाही. गोड की तिखट, ओले की कोरडे, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न विचारले जातात. डबा कानाशी नेऊन हलवला जातो. वास घेण्याची मुभा असते किंवा नसते. खिरापत आणणाऱ्या घराची प्रतिष्ठा ती कोणाला ओळखता येऊ नये यात असते. हा खेळ म्हणजे वर्गीकरणाचा तोंडी अभ्यास आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रूनर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनग्रंथात मोशर आणि हॉर्नस्बी यांनी वीस प्रश्नांच्या खेळाचा अभ्यास मांडला आहे. सहा वर्षांची मुले बहुतकरून एकेका वस्तूचे नाव घेऊन पाहतात. एका प्रश्नासरशी अनेक वस्तू वगळणारे प्रश्न अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्रास होतात, असे त्यात दिसून आले. खिरापतीच्या खेळात वगळणीचे प्रश्न रूढीनेच तयार करून ठेवले आहेत. लहान मूल 'लाडू? चिवडा? पेढा?' असे ओरडत असते, आणि त्याच्या शेजारची मोठी बहीण 'गोड आहे का?' असे विचारते. 'नाही' असे उत्तर येताच लाडू आणि पेढा दोन्ही एकदम बाद झाले, हे धाकट्याला त्याच क्षणी जिभेच्या पाण्यानिशी कळते. ज्या वर्गात सर्व मुले एकाच वयाची असतात तेथे ही मोठी बहीण नसते. तिची जागा शिक्षिकेने घ्यावयाची असते. परंतु त्यासाठी डबा झाकलेला असावा लागतो. आज तो पालकसभेतच उघडा होतो.

येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मॉन्टेसोरी पद्धतीचा अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शिंपले, माती ही परिसरातील साधने त्यांनी आणली, हे सर्वत्र सांगितले जाते. त्याहून महत्त्वाचे असे की शाळेची वेळ आणि जागा हीदेखील त्यांनी परिसराकडून घेतली. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळेच्या रूपाने शाळाच गुरांमागे गेली. त्यांच्या अनुयायांनी साधनांचे तत्त्व उचलले; काळाचे तत्त्व बहुतांशी राहून गेले. १९७५ पासून अंगणवाड्यांचे जाळे पसरले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पायाभूत स्तराचे स्थान दिले. तथापि वर्षाचे विषय महिनावार छापून येतात तेव्हा ते सर्व जिल्ह्यांना सारखेच लागू पडतात असे गृहीत धरलेले असते. कोसबाडच्या वारली मुलाला भोंडलाही मुंबईच्या क्रेप कागदाइतकाच परका आहे. त्याच्या घरी हा काळ भात तयार होण्याचा आणि तारपा वाजू लागण्याचा असतो. तारप्याभोवतीचा फेर त्याने चालू लागल्यापासून पाहिलेला असतो. तेव्हा 'देशी' हे विशेषण येथे पुरेसे नाही. 'इथले' आणि 'आताचे' या दोन विशेषणांनी ऋतुपाठ ठरतो, आणि ती दर तालुक्यागणिक बदलतात.

इथले आणि आताचे असे पुष्कळ काही या महिन्यांत मुलांच्या हाताशी असते. वाळू लागलेल्या गवताची कुसळे मोज्यांना आणि परकराला चिकटतात. ती ओढून काढताना बी कसे प्रवास करते हे सांगण्याची गरज उरत नाही. झेंडू आणि शेवंती यांच्या पाकळ्या मोजण्यापेक्षा कुस्करून त्यांचा वास ओळखणे मुलांना अधिक आवडते. दसऱ्याचे आपट्याचे पान दोन सारख्या पाळ्यांचे असते. ते मधोमध मिटता येते, आणि समान भागाची कल्पना देणारे याहून स्वस्त साधन नाही. (आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणण्याऐवजी एकाच पानावर काम भागते, हेही जाता जाता सांगावयास हवे.) दिवाळीतील मातीचा किल्ला तर या ऋतूतील बालोद्योगांचा राजाच. माती कालवावयाची, दगड रचावयाचे, पोत्याचे ओले तुकडे अंथरावयाचे, वाट कोठून आणि दार कोठे यावर भांडावयाचे, आणि वर हळीव पेरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहावयाचे. 'वर', 'खाली', 'मागच्या बाजूला', 'अजून थोडे', 'सांडले', 'खचले' हे शब्द येथे तक्त्यावरून येत नाहीत; किल्ला खचल्यामुळे येतात. भोंडला मुलींचा आणि किल्ला मुलग्यांचा ही जुनी वाटणी बालवाडीच्या मिश्र वर्गात आपोआप मोडता येते, हा या वर्गाचा एक न वापरलेला फायदा आहे.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. शाळांना दिवाळीची सुटी लागते आणि किल्ला घरी, ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांच्याच वाट्याला येतो. हळिवाचे बी दोनतीन दिवसांत मोड धरते आणि आठवड्याभरात चांगले हिरवे होते. सुटीपूर्वीचे दहा दिवस आज ज्या कागदी पानांना जातात, ते वर्गामागच्या चार फूट जागेतील मातीला दिले तर पेरणीपासून हिरवळीपर्यंतचा सारा क्रम मुलांच्या देखत पुरा होतो. आणि त्याच दहा दिवसांत, रोज एक गाणे वाढवीत, झाकलेल्या डब्यासह भोंडलाही बसतो. त्या डब्यात भाजलेल्या शेंगा असल्या तरी पुरे. फक्त त्या कोणी आणल्या आहेत हे मुलांना आधी कळू नये.